आंबुशीचा देठ

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी तुळशीच्या कुंडीत आंबुशी फार माजते. तीन पाकळ्यांची पानं, चिमुकली पिवळी फुलं आणि सकाळपासून त्यावर घिरट्या घालणारी निळसर फुलपाखरं. तण आहे म्हणून सूनबाई उपटायला बघते, मी तिच्यावर खेकसते. गडमुडशिंगीला माहेरी आई ह्याच पाल्यानं देवाची तांब्याची भांडी लखलखीत घासायची, उरलेल्याची शेंगदाणे घालून चटणी वाटायची. चार पाकळ्यांचं पान सापडलं की घरी पाहुणं येतं, असंही सांगायची. मला ते जन्मात सापडलं नाही.

थोरली बहीण क्रांतीआक्का आणि मी भांडलो की आधी कोणी बोलायचं, हे आंबुशीच ठरवायची. दोघींचे देठ एकमेकांत अडकवून ओढायचे. जिचा तुटेल तिनं आधी बोलायचं. दरवेळी माझाच तुटायचा. लग्नानंतर केव्हातरी कळलं, आक्का देठ सकाळीच तोडून परकराच्या नेफ्यात खोचून ठेवायची. सुकलेला देठ चिवट होतो, ताजा कट्कन तुटतो. कळलं त्या दिवशी मी एकटीच किती वेळ हसत बसले होते.

आईच्या तेराव्याला मात्र ती चार माणसांत मला म्हणाली, "तू पावणी म्हणून आलीस, पावणी म्हणूनच जा."

आईचं हगणंमुतणं गावातच दिलेल्या आक्कानं काढलं आणि मी रविवारी दोन तास जायचे, हे खरंच होतं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. चार वर्षं आम्ही बोललो नाही.

परवा तिच्या मुलाचा, सम्राटचा फोन आला, "वर्षामावशी, आई माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला येतेय." या खेपेला तिनंच आधी बोलायचं, असा मी चंग बांधला. ती यायच्या दिवशी सकाळीच एक जाडसा देठ तोडून कमरेला खोचून ठेवला.

दुपारी आक्का आली, पायरीवर बसली. केस पार पांढरे झाले होते. मी पाणी दिलं, ती प्यायली. मग तिनं कुंडीकडं हात केला, चाचपून एक कोवळा, दोऱ्याएवढा देठ तोडला आणि माझ्यापुढं धरला. मी पदराआडून माझा काढून अडकवला. ओढायचीही गरज पडली नाही. तिचा तुटला.

"माझं चुकलं, वर्षे," आक्का म्हणाली. "लग्नाला ये. पावणी म्हणून नगं, घरची म्हणून ये."

मला भडभडून आलं. जन्मभर जिंकलेली ती, आज हरायलाच आली होती आणि मी कमरेला देठ खोचून बसले होते. मला माझीच लाज वाटली.

"आक्का, माझा देठ सकाळचा हाय."

"बघितलं की. सुकलेला मला कळत न्हाय व्हय?"

लग्नाला अजून नऊ दिवस होते. मी आत जाऊन पिशवीत चार लुगडी कोंबली आणि तिच्याबरोबरच गडमुडशिंगीला निघाले.