पाहुणीची सतरंजी

मित्रांनो, मला उलगडताना जरा बेतानं. एका कडेचे दोरे सुटले आहेत. मी सतरंजी आहे, आणि आता बरीच जुनी. माझी गोष्ट सरळ सांगता येणार नाही, कारण माझा जन्म घडीत गेला. घडीतल्या वस्तूची आधी बाहेरची बाजू दिसते, पोट शेवटी. तशीच ऐका.

निळे पट्टे

मागावर माझ्या अंगात निळे, तांबडे आणि मधोमध एकच पांढरा पट्टा विणला गेला. बारामतीच्या एका मंडपवाल्यानं मला विकत घेतलं. बारशी, साखरपुडे, सत्यनारायण, सगळीकडे मी गेले. माणसं माझ्यावर बसली, जेवली, भांडली, उठून गेली. माझ्याकडे खाली पाहिलं असेल तर रस्सा सांडल्यावरच. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी गोदामात उंदरांच्या वाट्याला गेले. शेवटी मंडपवाल्यानं मला एका समाजकार्य महाविद्यालयाला देऊन टाकलं. त्या दिवशी कोणीतरी मला पहिल्यांदा साबण लावून धुतलं.

तांबडे पट्टे

इथं विजयमालाबाई शिकवत. त्यांनी सरावाच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि मला अंथरलं. "खुर्चीत बसलात तर मूल तुमच्या गुडघ्यांशी बोलेल," त्या म्हणाल्या.

माझ्यावर विद्यार्थी जोडीजोडीनं बसत. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं त्याला बोलतं करायचं. यशराज नावाचा मिशीवाला, दांडगा मुलगा सहा वर्षांचं रुसलेलं पोर झाला तेव्हा वर्ग पोट धरून हसला. पण बोलता बोलता तो खरंच रडायला लागला. तेव्हा कोणी हसलं नाही. मित्रांनो, इतक्या लग्नांत अंथरले गेले, पण आपण कामाच्या आहोत असं मला त्या दिवशी वाटलं.

याच वर्गात अंथुर्णे गावची वृषाली होती. तिची फी एक संस्था भरत होती. अट इतकीच, की शिक्षण झाल्यावर दोन वर्षं बारामती-इंदापूर भागातच मुलांसाठी काम करायचं. तिचे वडील, अप्पा, पेरूची पिशवी घेऊन कॉलेजात आले आणि माझ्यावर मांडी ठोकून म्हणाले, "ही तर उचलच की गं! ऊसतोडकऱ्याला आधी पैसं द्यायचं आन मग हंगामभर राबवायचं, तसलंच हाय."

"व्हय अप्पा, उचलच हाय," वृषाली म्हणाली. "पण फड माझ्या आवडीचा हाय."

अप्पांनी एक पेरू पुसून तिच्यापुढं धरला.

डाग

हा चहाचा डाग. धुऊनही गेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

शेवटच्या वर्षी वृषालीला पहिली गृहभेट मिळाली. कोऱ्हाळे बुद्रुकला मोना नावाची आठ वर्षांची मुलगी आपल्या आईच्या आईकडे, सरुबाईकडे राहत होती. आई वारलेली, बाप घर सोडून गेलेला. वडगाव निंबाळकरचे तिचे काका, मानसिंग, तिला न्यायला तयार होते. मोना कुठं राहणार, हे बालकल्याण समिती ठरवणार होती आणि मोनाचं म्हणणं काय, ते वृषालीच्या अहवालातून समितीला कळणार होतं. मला स्कूटीला मागं बांधून ती निघाली.

घरात पाऊल टाकताच सरुबाईनं मला तिच्या हातातून काढून घेतलं, जमीन झाडली आणि मला अंथरलं. "बसा बाई. मानसिंगराव, तुमी बी बसा." आपण मात्र मोनाला घेऊन सारवलेल्या भुईवर बसली. पाहुणा सतरंजीवर, घरचे खाली, ही आपल्याकडची रीत. वृषाली शेतकऱ्याची लेक. नाही म्हटलं तर म्हातारीला वाईट वाटेल, हे तिला ठाऊक होतं. ती बसली.

"काकाकडं जायचंय का?" तिनं विचारलं.

मोनानं काकाकडे पाहिलं. "व्हय."

"शाळेत जाशील ना तिकडं?"

"व्हय."

"बघा!" म्हणत मानसिंगांनी कप असा खाली ठेवला, की अर्धा चहा माझ्या अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी वृषालीनं विजयमालाबाईंना सांगितलं, "मोना जायला तयार आहे."

बाईंनी डाग पाहिला. "सतरंजीवर कोण कोण बसलं होतं?"

"मी आणि तिचे काका," म्हणता म्हणताच वृषालीनं स्कूटीची किल्ली उचलली.

सुटलेली कड

त्याच दिवशी ती पुन्हा निघाली. इतक्या घाईत, की मला नीट बांधलंही नाही. माझी कड चाकात गेली. चला, त्या कामासाठी गेली.

पांढरा पट्टा

सरुबाई घरी होती. मानसिंग नव्हते. म्हातारीनं मला पुन्हा अंथरलं, पण वृषाली बसेना.

"मोना, आज तू पाहुणी," ती म्हणाली. "मी घरची."

"अगं बया! पोरीला पाव्हणी करत्यात व्हय? लगीन झालंय का तिचं?" सरुबाई हसली.

"आजी, मला पाणी आणून द्यायचंय तिला. तांब्या कुठं हाय?"

मोना भीत भीत आली आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर बसली. किती हलकी होती! वृषाली भुईवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला. मोना मोठ्या बाईसारखी घोट घोट पाणी प्याली. पदर नव्हता, तरी खांद्यावर सारखा केला.

"कुठून आला, पाव्हणं?" वृषालीनं विचारलं.

"वडगावावनं," मोना म्हणाली. दिवाळीत ती काकाकडे राहून आली होती.

"कसं काय वडगावला? बरं हाय ना?"

"म्हशी लई हायती. शेण काढावं लागतं. बाळाला बी मीच बघती."

"आन शाळा? वडगावात मोठी शाळा हाय की."

"वडगावात हाय," मोना म्हणाली. "मला न्हाय."

सरुबाईचं हसू थांबलं.

"मग पाव्हणं, परत कधी जायचं?"

मोनानं तांब्या खाली ठेवला आणि माझे दोरे मुठीत घट्ट धरले. "जायाचंच न्हाय. मी हितलीच हाय."

सरुबाईनं डोळ्याला पदर लावला. "मला वाटायचं, माझ्यामागं हिचं कोण? म्हनून मीच म्हनत हुते, जा म्हनून."

घडी

समितीच्या खोलीत खुर्च्या असतात, तिथं मी नव्हते. वृषालीनं माझ्यावर बसून सांगितलं तेवढं मला ठाऊक आहे. समितीनं मोनाला एकटीला विचारलं. तिनं तेच सांगितलं. तिचं आजीकडे राहणं ठरलं, सरकारची मदत मिळाली आणि वृषालीनं दर महिन्याला जायचं ठरलं. मानसिंग चिडले. "चहा पाजला, त्याचं हे फळ!" त्यावर सरुबाई म्हणाली, "चा मी केलता, मानसिंगराव."

वृषालीची दोन वर्षं संपली तेव्हा अप्पा पुन्हा कॉलेजात आले. "फिटली का उचल?"

"फिटली."

"मग चल घरी."

"दुसरा फड धरलाय, अप्पा. औंदा हितल्या नव्या पोरींना मीच शिकवणार."

जाताना अप्पा शिपायाला, रखवालदाराला आणि गेटावरच्या चहावाल्याला सांगत गेले, "माझी लेक हितं शिकवती."

मित्रांनो, सतरंजी जपायला फार काही लागत नाही. झटका, उन्हात टाका, सुटलेली कड शिवा. वृषालीसारखी शिकणारी मुलंही तशीच जपा. त्यांची फी कोणी भरली तर ती उपकार म्हणून मोजू नका. आणि घरात लहान मूल असेल तर एखाद्या दिवशी त्याला सतरंजीवर बसवा, स्वतः खाली बसा.

परवा आम्ही कोऱ्हाळ्याला गेलो. मोनानं मला स्वतः अंथरलं, मधोमध बसली. मग सरकली आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली, "बस की ताई. सारखं खालीच काय बसती?"