सुंदररावांची मिशी

सिनेमातला राजा करंदे मुंबईत वारला आणि माणसं बसायला आमच्या घरी यायला लागली. आता काय बोलायचं! ना नातं ना गोतं. पण साऱ्या केजमध्ये आमचे सुंदरराव म्हणजे दुसरा राजा करंदे. तसाच भांग, तशीच टोकं वळवलेली मिशी. पिठाची गिरणी चालवणाऱ्या माणसानं कशाला ठेवावी एवढी मिशी? दळण संपलं की हे आधी मिशी झटकणार, मग हात. कुणाची वरात असो की गणपतीचा कार्यक्रम, लोक यांना उभं करून करंद्याचे डायलॉग म्हणायला लावत. त्या मेल्या मिशीला मी जन्मभर शिव्या घातल्या.

सकाळी बातमी आली तेव्हापासून यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गिरणीचा पट्टा चढवला, परत उतरवला. ओट्यावर गेले, आत आले. आरशासमोर उभे राहिले आणि मला बघताच बाजूला झाले. "काय हुतंय तुमाला?" विचारलं तर म्हणे, "काय न्हाई." चहा तसाच निवला.

शेजारच्या छबुबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारी आणतात तसं. मी उसळलेच.

"ओ छबुबाई, आमच्यात कोण मेलंय?"

"असं कावून बोलता, मुक्ताबाई? दादांचा लई जीव हुता त्याच्यावर."

तेवढ्यात शिरूर कासारहून माझ्या बहिणीचा, विमलचा फोन. तिनं हंबरडाच फोडला. "आक्का, दाजी गेले आन् मला कळवलं पन न्हाई!"

झालं असं, की चौकात विजयसिंहानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. हा आमच्या गल्लीचा पुढारी. कुणी गेलं की सरण रचायच्या आधी याचा फ्लेक्स लागतो. वर करंद्याचा फोटो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून यांचा. मोबाइलवर फिरत फिरत तो विमलपर्यंत पोचला. दोन्हीकडं मिशी एकच. तिला वाटलं, वरचे दाजी.

"अगं, जिते हायेत," म्हणत मी फोन द्यायला वळले, तर हे कुठंच नाहीत. चपला नाहीत. मोबाइल गिरणीवर पडलेला.

माझी चिडचिड कुठल्या कुठं गेली. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडावर जगला. आता ते तोंडच गेलं, तर हा कशावर जगणार? बसस्टँड बघितला, बाजार बघितला, मारुतीच्या देवळात डोकावले. विजयसिंहाचे फोनावर फोन. संध्याकाळी चौकात सभा होती आणि शेवटी यांचे डायलॉग. जो तो मलाच विचारत होता, दादा कुठं हायेत.

दिवस कलताना घरी आले, तर ओट्यावर कुणीतरी बसलेलं. मला वाटलं, दळणाचं गिऱ्हाईक.

"गिरणी बंद हाय आज."

माणूस हलला नाही. मग मी नीट बघितलं. बाप गेल्यावर उतरवतात तशी हे मिशी उतरवून आले होते.

"अहो! त्याच्यापायी मिशी काढली? सख्खा बाप हुता का तुमचा?"

"त्याच्यापायी न्हाई." मिशीच्या जागेवरून बोट फिरवलं. "लग्नाच्या साली जत्रंत तंबूतला पिक्चर बघाया गेलतो आपून. सगळा पिक्चर सरंस्तोवर तू त्याच्यावरची नजर काढली न्हाईस. गाडीत बसताना म्हनलीस, मानूस असावा तर असा."

मला काहीच आठवेना. खरंच आठवेना.

"तवापासून ठिवली. लोकं टाळ्या वाजवायला लागली, पन तू शिव्याच घातल्यास." हसायला गेले, पण तो उघडा ओठ थरथरला. "आता तो गेला, मुक्ता. आता तरी माझ्याकडं बघशील का?"

इतकी वर्षं मी त्या मिशीशीच भांडत बसले होते.

चौकातल्या भोंग्यावर यांचं नाव पुकारायला लागले. विजयसिंह मोटारसायकल घेऊन दारात आला. त्यानं यांच्याकडं सरळ बघितलं आणि मला विचारलं, "काकू, काका सापडले का न्हाई?"

"न्हाई रे बाबा," मी म्हणाले. "तू जा. मलाच आत्ता सापडायलेत."