हँडीकॅप किती?

बांधावर गोल्फचे तीन जुने क्लब, म्हणजे चेंडू मारायचे दांडे, ठेवले होते, तेरा चेंडू, एक रबरी पायपुसणं आणि तीस मीटरची टेप. तेरातले दोन चेंडू चिरलेले होते, ते बुद्धघोषनं बाजूला काढले. उरले अकरा.

कन्हेरीतल्या त्यांच्या रानातला ऊस नुकताच तुटून गेला होता. उद्या रविवारी, पुण्याजवळच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या गोल्फच्या मैदानावर, बुद्धघोष पहिल्यांदा खरा डाव खेळणार होता. इंदापूरच्या ज्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तो नवा लागला होता, तिथल्या राजलक्ष्मी मॅडमनी चौघांचा बेत जमवला होता. ‘गोल्फ खेळतो’ असं त्यानं मुलाखतीत ठोकून दिलं होतं. खरं तर एमएस्सीच्या वर्षांत तो सरावाच्या जाळीसमोर चेंडू मारायचा, तेवढंच. म्हणून कोणत्या क्लबनं चेंडू किती लांब जातो, हे तो आज मोजून घेत होता. सात नंबरच्या क्लबची सरासरी एकशे चार मीटर भरली होती.

टेपचं दुसरं टोक वडिलांच्या हातात होतं. श्रीपतींचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं बारीक झालेला. तरी ढेकळांतून झुलत ते चेंडूपाशी पोचत आणि तिकडून ओरडत, “ताण की! झोळ पडलाय!”

उद्या तेही येणार होते. मैदानावर बॅटरीची गाडी मिळते हे कळल्यापासून त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री होऊन खुंटीला लागला होता.

“मॅडमला सांगितलंस का माजं?” बांधावर परत येऊन त्यांनी विचारलं.

“आज सांगतो, आबा.”

तेवढ्यात मॅडमचाच फोन आला. फोनचा कानाशी येणारा आवाज बिघडलेला, त्यामुळे बुद्धघोष स्पीकरवरच बोलत असे.

“सव्वासातची वेळ मिळाली रे. नऊच होल खेळू. तुला गाडी सांगू का? आणि हो, हँडीकॅप किती?”

कच्च्या खेळाडूला खेळात फटक्यांची जी सूट मिळते, तिला हँडीकॅप म्हणतात. तिचा आकडा सांगायला आधी डाव खेळलेले असावे लागतात. बुद्धघोष क्लबनं ढेकूळ उकरू लागला. श्रीपतींना वाटलं, आधी गाडीचं विचारलं, मग हँडीकॅपचं, म्हणजे चौकशी आपलीच चाललीय आणि पोरगं सांगायला लाजतंय. ते फोनकडे वाकले.

“बेचाळीस टक्के, मॅडम! सरकारी दाखला हाय!”

पलीकडे मॅडमसोबतचे दोघंतिघं खदखदून हसले.

“हे कोण?” मॅडमनी विचारलं.

“कोणी नाही, मॅडम. रानातला माणूस आहे.”

“बरं. मग गाडी?”

“नको. मी चालेन.”

फोन बंद झाला. बुद्धघोषचे कान तापले होते. श्रीपती खाली पडलेलं टेपचं टोक शोधत होते.

“आबा, ते...”

“खोटं काय बोललास? रानातलाच हाय मी.” त्यांनी टोकाची माती पुसली. “पर माज्या पायाचं मला काय वाटत न्हाय. तुला कशापायी वाटावं?”

“त्यांचं हँडीकॅप वेगळं असतं, आबा. ज्याला अजून नीट खेळता येत नाही, त्याला सूट देतात.”

“आसं व्हय. मग तुजं किती?”

“मला नाही अजून. मी डाव खेळलोच नाही कधी.”

“मग त्येच सांगायचं की बाईला.”

बुद्धघोषनं फोन लावला. “मॅडम, मघाशी बोलले ते माझे वडील. त्यांचा पाय अधू आहे. उद्या येणार आहेत, एक गाडी लागेल. आणि मला हँडीकॅप नाही. मी खोटं सांगितलं होतं.”

पलीकडे या वेळी कुणी हसलं नाही. “गाडी सांगते,” मॅडम म्हणाल्या, “वडिलांना माझा नमस्कार सांग.”

“आबा, गाडी झाली. नमस्कार सांगितलाय त्यांनी.”

“ऐकलं मी. त्येंलाबी सांग माजा.” श्रीपतींनी टोपी सारखी केली. “मी न्हाय येत.”

“आबा...”

“मार आता. उजेड हाय तवर.”

बुद्धघोषनं सात नंबरचा क्लब घेतला. चेंडू पायपुसण्यावर ठेवला आणि मारला. श्रीपती टेपचं टोक घेऊन ढेकळांतून झुलत निघाले. टेप एकदा पूर्ण संपली. तिथं त्यांनी टाचेनं खूण केली आणि बुद्धघोष तिथवर येईपर्यंत ते दुसरीकडे बघत उभे राहिले. मग पुढे गेले, चेंडूपाशी वाकले. झोळ पडला होता, पण ते काही बोलले नाहीत. बुद्धघोषनंच टेप ताणली.

छप्पन्न मीटर चाळीस सेंटीमीटर.