एक्केचाळिसावी पेशंट

सरांचा शंभरावा शोधनिबंध छापून आला, म्हणून हॉस्पिटलच्या हॉलमध्ये सत्कार होता. विषय होता, कॅन्सरच्या ऑपरेशनला कोणती भूल दिली तर गाठ पुन्हा उठत नाही. दोनशे पेशंटांचे भुलीचे कागद चाळून त्याचा तक्ता मी भरला होता, तीन वर्षं. सरांनी तो परस्पर उचलला. माझं नाव का नाही, विचारायला गेले तर म्हणाले, "कारकुनी करणाऱ्यांची नावं छापत नसतात, बाई." मी भूलतज्ज्ञ आहे. तेव्हापासून मी डूख धरून होते. निबंध हातात आल्यावर आधी तक्ताच वाचला आणि मनात म्हटलं, सापडलात.

भाषण संपवून सर ऐटीत म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते."

मी उठले. "सर, यातला प्रत्येक पेशंट तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"प्रत्येक! जे गेले त्यांच्या घरीसुद्धा जाऊन आलोय."

"मग एक्केचाळिसावी बाई? वय छत्तीस, वजन अठ्ठेचाळीस, चौदाव्या महिन्यात मृत्यू."

"बिचारी!" सरांचा आवाज जड झाला. "तिच्या नवऱ्याला मीच धीर दिला."

हॉल हळहळला. तो शांत होईपर्यंत मी थांबले.

"मृत्यूचा रकाना नीट चालतो का बघायला मी एक खोटी ओळ भरली होती, सर. पुसणार त्याआधीच तुम्ही तक्ता पळवलात. ती बाई मीच, वय-वजनासकट. आणि माझं लग्न व्हायचंय अजून."