मांदेलीचे एकशेचाळीस तास

मित्रांनो, रिमोटवर पळणारी गाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या काचेमागची, चकचकीत खोक्यातली गाडी येत असेल. मी तसली नाही. मला खोकं कधी मिळालंच नाही. भाईंदरजवळच्या उत्तनमधल्या एका शेडमध्ये, होड्यांच्या इंजिनांच्या शेजारी माझा जन्म झाला, आणि आज त्याच शेडच्या फळीवर मी ग्रीसच्या डब्याला टेकून पडले आहे. माझी पुढची दोन्ही चाकं निघाली आहेत. तक्रारी पुष्कळ आहेत, आणि मी त्या करणार आहे, कारण मला आता दुसरं काम उरलेलं नाही.

मला घडवलं स्टीवनने. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि टीव्हीवरच्या मोठ्या मोटारशर्यती हे त्याचं वेड. कुठल्या टीमने किती खर्च केला, कोणाचे टायर कधी झिजले, हे त्याला तोंडपाठ. आपणही शर्यतीत उतरावं असं त्याला फार वाटे. पण छोट्या गाड्यांच्या शर्यतीतली विकतची बरी गाडीसुद्धा चाळीस हजारांच्या घरात जाते. मग त्याने मलाच बनवायला घेतलं. होडीच्या दुरुस्तीतून उरलेल्या फायबरच्या तुकड्याचा माझा सांगाडा झाला. मोटार एका बिघडलेल्या ड्रिल मशीनची. स्प्रिंगा बॉलपेनांतल्या. चाकांचा दांडा त्याने कानशीने घासघासून सरळ केला, चार वेळा वाकडा झाला म्हणून चार वेळा फेकला, आणि पाचवा बसवला. शेवटी होडीला लावून उरलेला सोनेरी रंग माझ्या अंगावर आला. तो बघून त्याची बायको डॉरिस म्हणाली, "ही त मांदेलीच झाली!" त्या छोट्या सोनेरी माशाचंच नाव मला पडलं.

टायरांवरच्या खाचा डॉरिसने कापल्या. ती भाईंदरच्या बाजारात मासे विकते. रोज शेकडो मासे कापणारा तो हात, एकही खाच तिरकी गेली नाही. आणि तिने पहिल्यांदा रिमोट हातात घेतला तेव्हा स्टीवनला कळून चुकलं की गाडी बनवणं हे आपलं काम, पण चालवणं हिचं. त्याने रिमोट परत मागितला नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

मीरा रोडला, शांती नगरातल्या एका सोसायटीच्या मागे सिमेंटचं पटांगण आहे. दर रविवारी सकाळी तिथे आठ-दहा जणांचा क्लब जमायचा. डॉरिस चर्चमध्ये पहाटेची मिस्सा ऐकून, मला माशांच्या नव्हे तर वेगळ्या, स्वच्छ टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळून, बस आणि मग रिक्षा करत स्टीवनबरोबर तिथे पोचायची. शिट्टी आणि घड्याळ काशीनाथकाकांकडे असे. काका पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, क्लब त्यांनीच सुरू केलेला. शर्यत एकच, पण सलग वीस मिनिटांची. मित्रांनो, मी वेगवान कधीच नव्हते. निकेत नावाच्या तरुणाची परदेशी गाडी सुटली की मला तिचा मागचा दिवासुद्धा दिसत नसे. पण बाराव्या-तेराव्या मिनिटाला त्या नाजूक गाड्या तापायच्या, कुणाचं चाक निखळायचं, कुणाची बॅटरी मान टाकायची, आणि मी आपली गुरगुरत पुढे यायचे. दोन वर्षं ओळीने डिसेंबरच्या मोठ्या शर्यतीत आमचा दुसरा नंबर आला.

पहिल्या नंबराचं नाव क्लबच्या पितळी पाटीवर कोरलं जाई. डॉरिसला ते हवं होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण पाटीजवळून जाताना तिची चाल मंदावायची ते टोपलीतून मला कळायचं. तिचं नाव असं कुठे नव्हतंच. बाजारातली बसायची जागासुद्धा सासूच्या नावावर होती.

शर्यत संपली की वडापावच्या गाडीजवळ वाद सुरू व्हायचे. टीव्हीवरच्या शर्यतींवरून सुरू होऊन ते आमच्या पटांगणावर यायचे. वाद दोनच: शर्यत लांब असावी की छोटी, आणि खर्चाला मर्यादा असावी की नसावी. दोन्ही वादांना अंत नव्हता, आणि वडापाव गार होत.

"काका, बीस मिनिट कौन देखता है?" निकेत म्हणायचा. "तीन-तीन मिनिटांच्या चार रेस ठेवा. बघा कशी पब्लिक येते."

"अरे, शर्यत आहे की नूडल्स?" काका भडकायचे. "गाडी दमली पाहिजे, माणूस दमला पाहिजे. त्यानंतर जो उभा राहतो तो जिंकला."

"आनि पैशाचं काय?" स्टीवन मध्येच म्हणायचा. "ज्याचा खिसा मोठा त्याचीच गाडी पुढं, याला काय रेस बोलायची? तिकडं मोठ्या टीमांना लिमिट हाय, मग आपल्याला का न्हाय?"

"लिमिट लावली की डोकं लावणंच बंद होतं, अंकल. सगळ्या गाड्या सेम होणार. बोअर!"

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये हा वाद इतका तापला की क्लब फुटायची वेळ आली. निम्मे निकेतच्या बाजूला, निम्मे काकांच्या. तेव्हा स्टीवनने तोड काढली. तो म्हणाला, "सहा हजारांची लिमिट लावा. मग रेस तीन मिन्टांची करा न्हायतर तीन तासांची, मना चालंल." निकेतने क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. सहा हजार आणि तीन मिनिटं, असं काकांनी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. स्टीवनची सही पहिली.

परतीच्या बसमधून उत्तनला उतरल्यावर डॉरिस म्हणाली, "मांदेली वीस मिन्टांची हाय, स्टीवन. तू तिला तीन मिन्टांत विकून आला."

"लिमिट लागली ना? आता त्यांचीपन गाडी आपल्यासारखीच असंल," तो म्हणाला. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. माझाही बसला, हे मी कबूल करते.

डॉरिस रुसून बसणाऱ्यांतली नव्हती. बाजारातून आल्यावर ती मला घेऊन समुद्राकडे जायची. तिथे बोंबील वाळत घालायला बांबू उभे केलेले असतात. त्या बांबूंच्या मधून ती मला पळवायची. सुटायचं कसं, वळताना आतली बाजू कशी धरायची, ते पुन्हा पुन्हा. माझ्या दांड्यात वाळू गेली, दोनदा मी बांबूवर आपटले. पण तीन मिनिटांत जीव तोडून पळायला मी शिकले. नोव्हेंबर संपेपर्यंत आम्ही दोनदा निकेतच्या गाडीच्या पुढे आलो होतो. पटांगणावर टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना तो होता, आणि त्यानंतर चांगलं असं काही घडलेलं नाही.

मोठ्या शर्यतीच्या आधी प्रत्येकाने आपल्या गाडीच्या खर्चाचा कागद द्यायचा असं ठरलं होतं. कागद सुरुचीने तयार केला होता. ती सीएच्या ऑफिसात काम करते, स्वतःही शर्यतींची पक्की शौकीन, आणि हिशोबात कोणाचीच गय करत नाही. कागदावर रकाने होते: सामान, किंमत, पावती. शेवटचा रकाना होता, कामाचे तास.

त्या शेवटच्या रकान्याने आमचा घात केला, मित्रांनो. आणि घात कसा झाला ते ऐका. स्टीवनला तो रकाना बघून आनंद झाला. आजवर त्याला कोणी हे विचारलंच नव्हतं. होडीवाले येतात, इंजिन घेऊन जातात. रात्र काढली की दिवस काढला, कोणाला पडलेलं नसतं. इथे छापील कागदावर विचारलं होतं. जेवणाच्या टेबलावर बसून दोघांनी आठवून आठवून तास मांडले. दांड्याचे तीस. सांगाड्याचे पंचवीस. वाया गेलेल्या चार दांड्यांचेसुद्धा धरले.

"तुझ्या खाचांचे किती?" त्याने विचारलं.

"सहा असतील. न्हाय, आठ लिव."

बेरीज आली एकशेचाळीस. त्याने आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली रेघ मारली. सामानाची बेरीज फक्त तीन हजार सहाशे चाळीस होती. सहा हजारांच्या कितीतरी आत. दोघं खूश होऊन झोपली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सुरुचीने कागद वाचला, मोबाइलवर आकडे टाकले, पुन्हा टाकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "स्टीवनकाका, तासाला शंभर धरलेत, सगळ्यांना तोच रेट आहे. तुमची गाडी सतरा हजार सहाशे चाळीसला जातेय."

"म्हंजे? तास कशाला धरलेस? ते त मी केलंय. घरच्या घरी."

"हातकाम फुकट धरलं, तर उद्या कोणीही मेकॅनिक बसवून लाखाची गाडी करून घेईल आणि म्हणेल मित्राने केली. मोठ्या टीमांतही माणसांचे पगार खर्चातच येतात ना?" ती थांबली. तिलाही आवडत नव्हतं ते, मी बघत होते. "नियम तुम्हीच मागितला होता, काका. मी फक्त बेरीज केली."

निकेतच्या कागदावर एकच ओळ होती. गाडी मामेभावाकडून सेकंडहँड घेतली, साडेपाच हजार, पावती जोडली आहे. कामाचे तास: शून्य. त्यात खोटं काही नव्हतं. भावाने ती परदेशी गाडी त्याला तेवढ्यालाच दिली होती.

काकांनी स्टीवनला बाजूला घेतलं. माझी टोपली त्यांच्या पायाशीच होती. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "पंधरा लिही. पंधरा तास. लिमिटच्या आत बसतं. मी डोळे झाकून सही करतो."

डॉरिस जवळ आली. "लिव ना, स्टीवन," ती म्हणाली. "माझ्यासाठी लिव." तिने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

स्टीवनने पेन घेतलं. त्याचा हात कागदावर नुसता टेकून राहिला. बाकीचे जण गाड्या चार्ज करत होते, कोणीतरी शिट्टीची वाट बघत ओरडत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, लिही रे बाबा, मला काही वाटणार नाही. खरंच वाटलं नसतं.

"बाकीचे तास मी कुटं ठेवू, काका?" तो म्हणाला, आणि पेन परत दिलं.

डॉरिसने मला टॉवेलमध्ये गुंडाळलं. आम्ही पटांगणाबाहेर पडलो तेव्हा मागे गाड्या सुटल्याचा आवाज आला. तीन मिनिटांत तो संपलाही. पाटीवर निकेतचं नाव लागलं. तो बिचारा नंतर उत्तनला आला होता, म्हणाला, "आंटी, मजा नहीं आया, पुढच्या वर्षी नियम बदलू." डॉरिसने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाली, "बदला." ती पुन्हा गेली नाही.

नियम बदलला नाही. क्लब चालू आहे असं ऐकते. काका शिट्टी वाजवतात. डॉरिस रविवारी मिस्सा ऐकून येते ती थेट बाजारात जाते. रिमोट कपाटात कपड्यांखाली आहे. दोघांत भांडण नाही, मित्रांनो. भांडण असतं तर मला धीर वाटला असता. ती त्याला जेवायला वाढते, तो जेवतो, दोघं माझ्याबद्दल बोलत नाहीत. माझी मोटार स्टीवनने पावसाळ्यात काढली आणि पाणी उपसायच्या एका छोट्या पंपाला बसवली. चाकं कुठे गेली ते मलाही ठाऊक नाही. राहिलेलीही जातील.

मागच्या आठवड्यात दशरथ नावाचा एक होडीवाला आपलं इंजिन न्यायला आला. स्टीवन तीन दिवस त्यावर वाकलेला होता. जेवणसुद्धा उभ्यानेच उरकत होता. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. दशरथ खूश झाला, म्हणाला, "लय काम निघालं असंल ना? किती वेळ लागला?"

डॉरिस दारातच उभी होती. स्टीवनने हात पुसले. "काय न्हाय," तो म्हणाला. "हातासरशी झालं."

दशरथने त्या हिशोबाने थोडेच पैसे हातावर ठेवले आणि तो गेला. डॉरिस घरात गेली.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं म्हणून मागते. मिळेल अशी आशा मला नाही. नियम जरूर करा, वादही घाला. पण तुमच्या घरात, गल्लीत कोणी स्वतःच्या हाताने काही बनवलं असेल, तर त्याच्याजवळ बसा, किती वेळ लागला ते विचारा, आणि तो सांगेल तेवढा पूर्ण ऐका. त्याची बेरीज करू नका.

स्टीवनला मात्र आता विचारू नका. तो खोटं सांगेल.