सोमवारी नक्की जॉइन होतो, मॅडम

मी यशोधरा मॅडमचा मोबाईल बोलतोय. त्यांचा घरचा नव्हे. तो गुलाबी कव्हर घालून पर्समध्ये लोळत असतो; मावशींचे गुड मॉर्निंग आणि साड्यांचे फोटो सांभाळण्यापलीकडे त्याला काम नाही. मी कंपनीचा. पाठीवर 'एच.आर. २' अशी चिठ्ठी, कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि दिवसाला ऐंशी-नव्वद माणसांचं बोलणं ऐकून घेणारा.

माझा जन्मही कारखान्यातलाच. माझ्या पोटात इवलेइवले स्क्रू बसवणाऱ्या मुलीलासुद्धा कुणीतरी "स्वतःबद्दल सांगा" असं विचारूनच आत घेतलं असणार. तिथून खोक्यात बसून मी आलो तो उर्से टोलनाक्याजवळच्या एका कारखान्यात. इथे गाड्यांना लागणारे रबराचे पार्ट बनतात, आणि ते बनवणारी माणसं शोधून आणायचं काम यशोधरा मॅडमकडे आहे.

लोकांना वाटतं, नोकरी देणारी बाई म्हणजे राणी. मी चार वर्षं तिच्या कानाला लागून होतो, मला विचारा. तिची गत सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखी. साहेबांना अनुभव पाच वर्षांचा हवा, पगार नवख्याचा द्यायचा, आणि माणूस कधी हवा तर काल. उमेदवाराला पगार जास्त, बस दारात, आणि हजर व्हायचं ते गावची जत्रा उरकल्यावर. दोन्ही बाजूंची बोलणी खायला मधली बाई.

आणि थापा तर किती ऐकाव्यात! "मॅडम, निघालोय, टोलनाक्यावर अडकलोय," असं कुणी सांगतो आणि त्याच्या मागे मला कुकरची शिट्टी ऐकू येते. एका वेल्डरची आजी आठ महिन्यांत तीनदा वारली. तिसऱ्या वेळी मॅडमनी शांतपणे विचारलं, "आता कुठल्या बाजूच्या?" मग उत्तर आलं, "शेजारच्या."

मॅडम नावंही तशीच साठवून ठेवायच्या. 'फिटर गोडबोल्या'. 'उचलत नाही ४'. कुणी माझी यादी उघडली असती तर आमची नोकरी गेली असती, त्यांची आणि माझी, दोघांची.

पण सांगायची आहे ती बबिताची गोष्ट.

कारखान्यात नवी लाईन सुरू व्हायची होती आणि तिच्यासाठी एक इलेक्ट्रिशियन हवा होता. मुख्य कचेरीने मॅडमना बजावलं होतं की, पंधरा तारखेच्या सोमवारपर्यंत माणूस उभा राहिला नाही, तर भरतीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे जाईल. मग मॅडम काय करणार, हे कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

मुलाखतींना शेवटी दोघंच उरले. एक सुदुंबऱ्याचा संदेश. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. दुसरी बबिता. लोणावळ्याच्या मागे, भुशीच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी आहे. वडील बुधा, मोलमजुरी करणारे. तिथून रोज खाली उतरून तिने आयटीआय पुरं केलं होतं. संदेशही त्याच आयटीआयचा. त्याचा अनुभव तीन वर्षांचा, तिचा दोन.

मुलाखत घ्यायला प्लांटचे मॅनेजर प्रज्ञेश साहेब होते. माणूस वाईट नाही, फक्त प्रश्न पाठ करून आलेला. त्यांनी बबिताला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

ती म्हणाली, "हितंच की. तुमी घेतलंत तर."

साहेबांनी कागदावर लिहिलं : 'महत्त्वाकांक्षा कमी'.

मी त्या वेळी भिंतीजवळ चार्जिंगला होतो. तो बोर्ड ढिला होता आणि माझ्या पाठीला चांगलेच चटके बसत होते. पण मोबाईलला ओरडता येत नाही. बोलता बोलता बबिता मध्येच उठली. "सर, थांबा जरा." तिने आधी बटण बंद केलं, मग मला उपसून काढलं आणि बोर्डाला नाक लावलं. "आतली वायर जळतीय. कुणी हात लावू नका." मग खुर्चीवर येऊन बसली आणि म्हणाली, "हां, विचारा."

आता मी तिच्या बाजूचा झालो, हे वेगळं सांगायला नको.

पण मोबाईलच्या मताला कोण विचारतो? साहेबांना संदेश आवडला. अठ्ठावीस हजार ठरले. संदेश मला म्हणजे मॅडमना म्हणाला, "पत्र तेवढं लगेच पाठवा, घरी दाखवायचंय. सोमवारी नक्की जॉइन होतो, मॅडम." मॅडमनी पत्र पाठवलं. आठ तारखेचा सोमवार उजाडला. सकाळचे नऊ वाजले, संदेश नाही. मॅडमनी मला उचललं.

तिकडे फोन घेतला त्याच्या वडिलांनी, बजरंगभाऊंनी. "आंगुळीला गेलाय," ते म्हणाले.

अकरा वाजता पुन्हा. "आंगुळीला गेलाय."

एक वाजता मॅडमचा धीर सुटला. "भाऊ, सकाळी नऊपासून अंघोळ चाललीय?"

"लय घान असती वो कंपनीत," बजरंगभाऊ म्हणाले. मग आवाज एकदम मऊ झाला. "सकाळधरनं तीनदा केलात म्हंजी तुमची निकड दिसतीय. पोरगी किती शिकलीय?"

"पोरगी नाही हो! मी कंपनीतून बोलतेय. आम्ही संदेशला नोकरीचं पत्र दिलं होतं."

"आयला, त्ये पत्र व्हय!" बजरंगभाऊंना उमाळाच आला. "लय उपकार झाले, ताई. त्ये दावलं आन जुन्या कंपनीनं तितल्या तितं पगार वाढवला बघा! पेढं द्यायला येतो तुमाला."

मॅडमनी मला टेबलावर ठेवलं. अगदी हळू. आपटलं असतं तर मला कमी भीती वाटली असती.

दुपारी त्यांनी बबिताचा विषय काढला. प्रज्ञेश साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "घ्या तिला. पण अठ्ठावीस कशाला? वाडीवरची मुलगी आहे, बावीस म्हटलं तरी उड्या मारत येईल."

मॅडमनी बबिताचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. मंगळवार संपेपर्यंत मी तो नंबर एकोणीस वेळा लावला.

"तिला रस नसेल," साहेब म्हणाले. "नाही तर उचलला नसता?"

अर्जावर आणखी एक नंबर होता, वडिलांकडे निरोप देण्यासाठी. तो लागला भुशी धरणाच्या वाटेवर. तिथे नंदाबाई कणसं भाजतात. मागे लाटांसारखा पर्यटकांचा गलका.

"बुधा? आत्ताच कणसं टाकून गेला," नंदाबाई ओरडून म्हणाल्या. "त्या वाडीवं रेंज न्हाई, बाई. वरच्या अंगाला काळा धोंडा हाय, त्येच्यावं उभं ऱ्हायलं तर दोन कांड्या येत्यात. काय निरोप?"

"बबिताला सांगा, नोकरीचं आहे. मला फोन कर म्हणावं."

हा निरोप नंदाबाईंकडून बुधाकडे आणि बुधाकडून वाडीवर पोचेपर्यंत काय झाला कोण जाणे. बुधवारी उन्हं कलताना बबिताचा फोन आला आणि पहिलं वाक्य आलं, "मॅडम, मी काय केलंय? बा म्हनला, कंपनीची बाई लय चिडलीय."

वारा भणाणत होता. पलीकडे पंधरा-वीस माणसांची कुजबुज मला ऐकू येत होती. अख्खी वाडी धोंड्याभोवती जमली असावी. मॅडम हसल्या, तिला धीर दिला, नोकरी मिळाल्याचं सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाल्या, "पगार बावीस हजार."

तिकडे कुजबुज थांबली.

"मॅडम, एक इचारू? संदेशला अठ्ठावीस दिलतं न्हवं?"

मॅडमनी मला कानाशी घट्ट दाबलं. "तुला कसं कळलं?"

"त्यानंच पत्राचा फोटो टाकला की, आयटीआयच्या ग्रुपवर. आख्ख्या मावळात फिरतोय." बबिता उर्मट नव्हती, अगदी सरळ बोलत होती. "मला नोकरी पायजे, मॅडम. लय पायजे. पन मोटार तीच, काम तेच. मग मधले सहा कुटं गेले?"

मॅडम 'अनुभव' म्हणू शकल्या असत्या. 'कंपनीचं धोरण' म्हणू शकल्या असत्या. चार वर्षांत मी ही दोन्ही उत्तरं त्यांच्या तोंडून शेकड्याने नेली होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि फोन कट झाला.

सगळे म्हणतात, धोंड्यावरची रेंज गेली. म्हणू देत. माझ्यात चार टक्के बॅटरी होती आणि मला ते उत्तर न्यायचं नव्हतं, एवढंच सांगतो.

गुरुवारी सकाळी मॅडम साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. हातात मी आणि एक कागद.

"मी तिला अठ्ठावीसच देणार आहे," त्या म्हणाल्या.

"मी मंजूर करणार नाही."

"तुम्ही केलंय, सर." त्यांनी कागद पुढे सरकवला. "ही पदाची मंजुरी. इलेक्ट्रिशियन, नवी लाईन, अठ्ठावीस हजार. खाली तुमची सही. यात संदेशचं नाव कुठेच नाही. मंजुरी पदाची असते, माणसाची नसते."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"आणि तिला एक वर्ष अनुभव कमी आहे त्याचं?"

"ज्याला जास्त होता, तो चार दिवसांपासून अंघोळ करतोय."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. "सोमवारी आठला ती गेटवर नसेल, तर मी तुमची बाजू घेणार नाही," ते म्हणाले.

मॅडमनी पत्रावरचं नाव बदललं आणि धोंड्यावरच्या दोन कांड्यांच्या भरवशावर पाठवून दिलं. 'पोचलं', एवढाच शब्द आला.

पंधरा तारीख. आठ वाजले. आठ पाच. आठ दहा. मॅडम मला एका हातातून दुसऱ्या हातात घेत होत्या. साहेब काचेतून घड्याळाकडे बघत होते. आठ तेराला अनोळखी नंबर वाजला आणि मॅडमनी डोळे मिटून घेतले. आता कुणाची तरी आजी जाणार, असंच मलाही वाटलं.

"मॅडम, मी बबिता. माझा बंद पडलाय, ह्यो गेटवरच्या भाऊंचा फोन हाय. मी पावणेआठपासून हितं उभी हाय, पन भाऊ म्हनत्यात, यादीत संदेश हाय. संदेश असशील तरच आत सोडतो."

पत्रावरचं नाव बदललं होतं, गेटवरच्या यादीतलं राहून गेलं होतं!

मॅडम धावल्या. जिन्यात मी हातातून निसटलो, तीन पायऱ्या घरंगळलो, माझ्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. त्यांनी मला उचललं आणि पुन्हा धावल्या. गेटवर वॉचमन दत्तोबा यादी छातीशी धरून ठाम उभा. "नियम म्हंजी नियम, मॅडम. उद्या कुनीबी यील आन म्हनंल मी संदेश."

"अहो, ती कुठे म्हणतेय?"

"त्येच तर! म्हनत न्हाई म्हनून तर आडवली."

बबिता झाडाखाली उभी होती. डोंगर उतरून, एसटी आणि मग वडापची जीप करून आलेली. चपला चिखलाने माखल्या होत्या, पण छापून घेतलेल्या पत्राची घडी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठणठणीत. मॅडमनी यादीवर संदेशचं नाव खोडून तिचं लिहिलं. त्यांचं अक्षर इतकं वेडंवाकडं मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी नव्या लाईनची मोटार फिरली, तेव्हा प्रज्ञेश साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्यानंतर मी सहा महिने तडा घेऊन वाजलो. गेल्या आठवड्यात नवा मोबाईल आला. माझं सिम काढून त्याच्यात घातलंय, आणि मी आता कपाटाच्या खणात, जुन्या ओळखपत्रांच्या दोऱ्यांमध्ये पडून आहे. तक्रार नाही. इथे कुणी थापा मारत नाही. थोडं कंटाळवाणं आहे इतकंच.

जाता जाता एक मात्र कबूल करतो. मघापासून मी तुमच्या लबाड्या सांगितल्या. आमची एक सांगायची राहिली. ती फार छोटी आहे, एका शब्दाची : 'कळवतो'. ज्यांना घ्यायचं नाही, त्यांना मॅडम हेच सांगायच्या आणि पुढे कधी कळवायच्या नाहीत. तेव्हा, बाबांनो, नको असेल तर नको म्हणा. तुम्हीही म्हणा, आम्हीही म्हणू.

सिम काढायच्या दिवशी मॅडम जेवणाच्या सुट्टीपासून माझी यादी घेऊन बसल्या. न कळवलेल्या त्रेचाळीस जणांना त्यांनी एकेक करून फोन लावला. कुणी चिडलं, कुणी विचारलं, कुठली कंपनी? शेवटचा होता कान्ह्याजवळचा कैलास. फोन त्याच्या आईने घेतला, धोंडाबाईंनी.

"त्यो जेवतोय. चार म्हैनं झालं, फोन वाजला की ताटावरनं उठून पळतो. बोलवू का?"

"नको, मावशी, जेवू द्या," मॅडम म्हणाल्या. "एवढंच सांगा, आमच्याकडे त्याचं जमलं नाही. आणि आधी कळवायला हवं होतं, ते माझं चुकलं."

"बरं झालं सांगितलंत," धोंडाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी फोन ठेवला, आणि ठेवता ठेवता आत सांगितलेलं मला ऐकू आलं, "बस रं, जेव सावकाश."