न सुटणारी मूठ

वाचकहो, प्रत्येक घरात एक आळशी माणूस असतो. निदान तसे आपण ठरवून टाकलेले असते. हाक मारली की तो लगेच उठत नाही, पाहुणा आला की सगळ्यांच्या शेवटी उभा राहतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "याला कशाची म्हणून चाड नाही!" हा शिक्का एकदा बसला की जन्मभर पुसत नाही. त्या शिक्क्याखाली खरोखर काय आहे हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. ज्या घराची ही हकिगत आहे, त्या घरानेही ती घेतली नव्हती.

घर काचवाल्यांचे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. खिडक्यांची तावदाने, कपाटांच्या काचा, मोठाले आरसे कापायचे, कडा घासायच्या आणि जागेवर नेऊन बसवून द्यायचे, हा धंदा. वडील गेल्यापासून दुकानावर सत्ता आईची. गल्ल्यामागच्या खुर्चीतून तिने नुसती भुवई उंचावली, तरी गिऱ्हाईकसुद्धा आवाज खाली आणत असे. थोरला मुलगा, दादा, चपळ आणि जिभेचा तिखट. धाकटा अंगापिंडाने असा भरलेला की सारी गल्ली त्याला पैलवान म्हणे. दंड, मांड्या, पोटऱ्या जणू ओतीव. आणि हेच त्याचे दुर्दैव! हडकुळा असता, तर कुणी आजारी तरी म्हटले असते.

या पैलवानाला बसल्या जागेवरून एकदम उठता येत नसे. पाय लाकडासारखे ताठत. पहिली काही पावले तो कसाबसा टाकी, मग अंग हळूहळू मोकळे होई आणि तो चारचौघांसारखा चालू लागे. मूठ घट्ट वळली की ती चटकन उघडत नसे. कुणी मागून मोठ्याने हाक मारली, की दचकून उभाच्या उभा आडवा होई. ताप नाही, सूज नाही, कुणाला दाखवावे असे काहीच नाही.

"जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्या याला जड जातात आणि वरच्या सगळ्या हा धावत चढतो," आई म्हणे. "खरा आजारी माणूस वर पोचता पोचता दमेल, की खालीच? सोंग आहे सोंग!"

तिने त्यावरचा उपायही त्याच्या लहानपणीच शोधून काढला होता. पहाटे गार पाण्याची बादली, हिवाळा असो की उन्हाळा. "आळस थंड पाण्याला भितो," हे तिचे वाक्य. मुलगा कुडकुडत, ताठलेल्या पायांनी न्हाणीतून बाहेर येई, तेव्हा तिला वाटे की अजून एक बादली हवी होती. पुढे मुलाचे लग्न झाले, तरी बादली सुटली नाही. आईच्या शब्दाबाहेर जायचे नाही, हे त्याच्या अंगात मुरले होते. आणि आपण खरोखरच आळशी आहोत, हेही.

अशाच एका गारठ्याच्या सकाळी, केशकर्तनालयाचा भलामोठा आरसा न्यायचा होता. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची, लाकडी घोडीवर, म्हणजे तिरक्या चौकटीवर, टेकवायची, आणि पुढच्याने "सोड!" म्हटले की दोघांनी एकदम खालची बोटे काढायची, ही त्या धंद्याची रीत. शब्द एकच, क्षणही एकच. त्या दिवशी टेम्पोवाला घोडी नीट लावेपर्यंत दोघे भाऊ काच धरून खोळंबले. पैलवानाची बोटे कडेभोवती आवळलेली राहिली.

"सोड!" दादा म्हणाला आणि बाजूला झाला.

पैलवानाची मूठ उघडली नाही.

काच त्याच्या हातात अडकून गर्रकन फिरली, कोपरा दगडी उंबऱ्यावर आपटला आणि आरशाचा चुराडा झाला. एक पाते हातमोज्याच्या वर, दादाच्या मनगटातून आरपार गेले. रक्त पाहून आई धावली. पैलवान मात्र जागच्या जागी उभा, हातात आरशाचा एक तुकडा अजून घट्ट धरलेला!

"टाक ना तो!" आई किंचाळली. "भाऊ मरतोय आणि हा काच कवटाळून उभा आहे!"

दादाच्या स्नायूंच्या दोऱ्या तुटल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, टाके पडले. पण बोटे पूर्वीसारखी मिटतील याची खात्री कुणी देईना. घरात आईने निकाल दिला, "थोरल्या भावाचा मत्सर होता याच्या मनात. आजपासून दुकानाची पायरी चढायची नाही. आणि दादाला व्यायामाला रोज हाच नेईल. ज्याने तोडलं, त्याने डोळे उघडून बघावं."

पैलवान सांगणार तरी काय? हात माझा, पण माझे ऐकत नाही, हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलायचे? तो जेवेनासा झाला. कुणाशी नजर मिळवेना. त्याची बायको, घरातली धाकटी सून, त्याच्याशेजारी बसून राही.

"अहो, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. मला ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून सगळे सांगतात की मी मनात आणत नाही. मनात आणलं असतं तर सुटली असती ना मूठ? म्हणजे माझ्याच मनात काहीतरी सडलेलं असणार. हा हात मनगटापासून तोडून दादाला देता आला, तर देऊन टाकीन गं."

धाकटीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या दिवसापासून तिने धारदार हत्यारे गुपचूप आपल्या कपाटात कुलूपबंद केली. वाचकहो, एका धडधाकट माणसाला 'आळशी' म्हणत राहण्याचा शेवट कुठे जाऊ शकतो, ते पाहा!

दादाच्या हाताला व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने प्रौढ, बोलण्यात मोकळ्या. दादा वैतागून मुठीत दाबायचा रबरी चेंडू टाकून देई, तेव्हा त्या त्याला लहान मुलासारखे रागावत. एके दिवशी त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या पैलवानाला बोलावले.

"तुम्ही या हो. एवढी तब्येत कमावलीय, भावाला जरा दाखवा कसा दाबायचा चेंडू."

पैलवान उठताना अडखळला. बाईंनी ते पाहिले. त्याने चेंडू दाबला.

"आता सोडा."

बोटे वळलेलीच राहिली. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, बोटे एकेक करून, गंजलेल्या बिजागरीसारखी उघडू लागली.

"बघा," दादा कडवट हसला, "असंच धरलं होतं त्याने त्या दिवशी."

पण बाई हसल्या नाहीत. "पुन्हा दाबा. सोडा. पुन्हा." प्रत्येक वेळी मूठ जरा लवकर सुटू लागली. मग त्यांनी छोटी रबरी हातोडी घेतली आणि त्याच्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर हलकेच टकटक केले. अंगठा आपोआप आत वळला, आणि आतच राहिला! मग अगदी सावकाश जागेवर परतला.

"हे मी नाही केलं," पैलवान घाबरून म्हणाला.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "हे कुणालाही मुद्दाम करता येत नाही."

दादाचे हसू मावळले. तो कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

बाईंनी पैलवानाला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवले. तपासण्या झाल्या. मायोटोनिया नावाचा दुर्मीळ, जन्मजात विकार निघाला. स्नायू आवळतात, पण सैल व्हायला वेळ घेतात. आणि सतत आवळत राहिल्यामुळेच अंग पैलवानासारखे भरलेले दिसते. पैलवानाने एकच प्रश्न विचारला, "बरा होईल?"

"समूळ नाही," डॉक्टर म्हणाले. "औषधं आहेत, पण ती हृदय तपासून, आमच्या देखरेखीखाली घ्यायची. बाकी सारं तुमच्या राहणीवर आहे. याच्यासकट जगायला शिकायचं."

रोगाला नाव मिळाले, सुटका मिळाली नाही. परतीच्या वाटेवर तो धाकटीला म्हणाला, "सोंग असतं तर टाकून तरी देता आलं असतं."

आईने ते सारे ऐकले आणि हात झटकले. "मूठ उघडायला वेळ लागतो हा रोग? मग जगातले झाडून सगळे कामचुकार दवाखान्यात भरती करा!"

दुसऱ्याच दिवशी दादाचा हात पाहायचे निमित्त करून बाई घरी आल्या.

"काकू, जरा बोलायचं होतं."

"बोला. पण मला शिकवायला येऊ नका. तीन पोरं... दोन हाताशी लागली, एक तापाने गेलं. मी आजारपण पाहिलं आहे."

"तापाचं पाहिलं असेल. हे ताठरपणाचं आहे. काकू, गाडीचं इंजिन गारठलेलं असताना तुम्ही चाबूक मारता का तिला?"

"गाडीला जीव नसतो."

"म्हणून तिच्यावर दया करता. मुलाला जीव आहे, म्हणून बोल लावता." बाईंचा आवाज शांतच होता. "हाताला काय होतं ते माझ्या तोंडून कशाला ऐकता? तुमचा हात द्या त्याच्या हातात."

आईने क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि आपला सुरकुतलेला हात पुढे केला. पैलवान मागे सरला.

"नको आई. दुखेल."

"मी सांगते आहे. धर!"

त्याने धरला. "आता सोड," आई म्हणाली. हात सुटेना. त्या बोटांची तडफड तिला स्वतःच्या तळहातावर जाणवत होती. उघडू पाहणारी आणि न उघडणारी, एकेक बोट वेगळे झगडणारे. तिने वर पाहिले. मुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "सोडतोय गं... सोडतोय..."

अरे देवा! जन्मभर हा सोडायलाच तर धडपडत होता!

हात सुटला. आईने आपला तळहात उलटून पाहिला. मग तिने बाईंना विचारले, "आणि... गार पाणी?"

बाईंना ते सांगायचे नव्हते. पण त्या खोटे बोलल्या नाहीत. "गारठ्याने यांचे स्नायू जास्तच ताठत असणार, काकू."

आईने पदर तोंडाला लावला. ती कुणापुढे न रडणारी बाई होती. त्या दिवशीही आवाज फुटू दिला नाही. नुसते खांदे हलत राहिले. मग ताठ बसून तिने हुकूम सोडले, कारण क्षमा मागण्याची दुसरी भाषा तिला येत नव्हती.

"धाकटे, उद्यापासून याचं पाणी कढत. याला कुणी मागून हाक मारायची नाही. उठल्यावर अंग मोकळं होईस्तोवर घाई करायची नाही. आणि दुकान उशिरा उघडेल."

"आई, बाबा गेले तेव्हाही दुकान वेळेवर उघडलं होतं," दादा म्हणाला.

"तेव्हाही चूकच केली मी."

पण पैलवान मान हलवत होता. "मला दुकानात बोलावू नका. पुन्हा कुणाचा हात जाईल. मला दादाकडे बघवत नाही."

आता सगळे दादाकडे पाहू लागले, कारण याचे उत्तर आईच्याही हुकमात नव्हते. दादाने आपला दुखरा हात वर धरला. बोटे अर्धीच मिटत होती.

"तुझी मूठ उघडत नाही, माझी मिटत नाही. दोघांचा मिळून एक हात धड आहे, लेका. एकट्याला मला काच उचलता येईल का?" तो भावासमोर येऊन उभा राहिला. "चुकलं ते 'सोड' म्हणणं. ज्याचा हात मोकळा, त्याने हुकूम दिला. यापुढे काच आधी टेकवायची, पट्ट्याने बांधायची, आणि तुझी बोटं निघाली की तू सांगायचंस. तोवर मी जागचा हलणार नाही."

तशी रीत पडली. पैलवान काच धरण्याआधी मुठी उघडमीट करून हात तापवतो, लोकरी मोजे घालतो, जड काचेला पट्टे लावतो. रोज थोडे चालतो, जागरण टाळतो, औषध चुकवत नाही. विकार गेलेला नाही. थंडीच्या दिवसांत अजूनही तो अंथरुणात लाकडासारखा पडलेला असतो, आणि आज पाय आपले होतील की नाही, या धास्तीने छताकडे पाहतो. अशा सकाळी आई त्याच्या पायथ्याशी येऊन बसते. पोटऱ्यांवर हात फिरवत राहते.

परवा एक गिऱ्हाईक दारातून ओरडले, "काय पैलवान, झोप झाली नाही वाटतं? हला की जरा!"

आई खुर्चीतून उठली. "साहेब, बसा. माझ्या मुलाचे स्नायू त्याच्याकडे वेळ मागतात, आणि या दुकानात तो वेळ त्याला मिळतो. तुम्हाला घाई असेल, तर काच दुसरीकडून घ्या."

गिऱ्हाईक ओशाळले आणि बसले.

वाचकहो, न दिसणारे दुखणे खोटे नसते. देह धडधाकट दिसला म्हणून माणसाला आळशी, सोंगाड्या, कामचुकार म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. कुणी उठायला वेळ लावला, तर आधी त्याला विचारा. विचारता येत नसेल, तर निदान थांबा. अशा माणसाच्या औषधातले निम्मे वैद्याकडे असते, आणि उरलेले निम्मे आपल्या थांबण्यात!